कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ आणि चोपन्नावी मॅसॅच्युसेट्स पलटण

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी त्याग करणाऱ्या तेथील सज्जनांना अर्पण केले होते, हे मराठीच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. ज्या यादवी युद्धातून ही मुक्ती घडून आली, ते तेव्हा संपून अवघी आठ वर्षे झाली होती. त्या युद्धात वयाच्या पंचविसाव्या वर्षी कामी आलेल्या एका सेनाधिकाऱ्याचे आणि त्याच्या पलटणीचे चरित्र येथे पाहावयाचे आहे.

रॉबर्ट गूल्ड शॉ यांचा जन्म १० ऑक्टोबर १८३७ रोजी बॉस्टन येथील सधन कुटुंबात झाला. आईवडील गुलामगिरीचे कट्टर विरोधक. घरात त्याच विचारांच्या मंडळींची ऊठबस असे. मुलाचा ओढा मात्र त्या चळवळीकडे फारसा नव्हता. शिक्षणासाठी तो काही काळ युरोपात राहिला, हार्वर्डमध्ये तीन वर्षे काढून पदवी न घेताच बाहेर पडला आणि न्यूयॉर्कला नातलगांच्या पेढीवर काम करू लागला. तेथेही त्याचे मन रमले नाही. शॉ जन्मतःच ध्येयवादी होते असे चित्र पुढे रंगविले गेले, पण ते खरे नाही.

१८६१ मध्ये युद्धाला तोंड फुटताच शॉ संघराज्याच्या सैन्यात दाखल झाले. दुसऱ्या मॅसॅच्युसेट्स पायदळ पलटणीत अधिकारी म्हणून त्यांनी व्हर्जिनियातील मोहिमा पाहिल्या. सप्टेंबर १८६२ मधील अँटिएटमच्या भीषण संग्रामातून ते किरकोळ जखमेवर बचावले. १ जानेवारी १८६३ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा मुक्तिजाहीरनामा अमलात आला आणि कृष्णवर्णीयांना सैन्यात घेण्याचा मार्ग मोकळा झाला. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांनी अशी एक पलटण उभारण्याचे ठरवून तिचे नेतृत्व शॉ यांना देऊ केले. ते पत्र घेऊन वडील स्वतः व्हर्जिनियातील छावणीत गेले. शॉ यांनी प्रथम नकार दिला. जुन्या सोबत्यांना सोडवेना, शिवाय हा प्रयोग यशस्वी होईल असा विश्वासही नव्हता. परंतु हा नकार त्यांनाच सलू लागला आणि काही दिवसांतच त्यांनी होकाराची तार पाठविली.

बॉस्टनजवळील रेडव्हिल येथे चोपन्नावी मॅसॅच्युसेट्स पलटण आकारास आली. अनेक राज्यांतून व कॅनडातूनही माणसे आली. गुलामगिरीतून निसटून थोर वक्ते झालेले फ्रेडरिक डग्लस यांचे दोन पुत्र, लुइस आणि चार्ल्स, त्यांत होते. अधिकारी मात्र गौरवर्णीयच. शॉ यांच्या सुरुवातीच्या पत्रांत या सैनिकांविषयी वरचढपणाचा, क्वचित थट्टेचाही सूर आढळतो. कवायतीच्या आठवड्यांत तो मावळला. आपली माणसे कोणत्याही पलटणीच्या तोडीची आहेत याची त्यांना खात्री पटली. पकडले गेल्यास सैनिकांना गुलाम करण्याची आणि त्यांच्या अधिकाऱ्यांना देहदंड देण्याची धमकी दक्षिणेच्या सत्तेने दिली होती. २ मे रोजी शॉ यांचा ॲनी हॅगर्टी यांच्याशी विवाह झाला. २८ मे रोजी बॉस्टनच्या रस्त्यांवरून संचलन करीत पलटण बंदराकडे निघाली.

जूनमध्ये जॉर्जियातील डॅरियन हे गाव वरिष्ठ अधिकाऱ्याच्या आज्ञेने लुटून जाळण्यात आले. या कृत्यात आपल्या माणसांना सहभागी व्हावे लागले, याचा शॉ यांना मनस्वी संताप आला. त्याहून गंभीर प्रश्न वेतनाचा होता. भरतीच्या वेळी दरमहा १३ डॉलर कबूल केलेले असताना कृष्णवर्णीय सैनिकांना १० डॉलर, आणि त्यांतूनही कपड्यांसाठी ३ डॉलर कापून, देण्याचे सरकारने ठरविले. समान वेतन द्या, नाहीतर पलटण सेवामुक्त करा, अशी भूमिका शॉ यांनी गव्हर्नरांकडे मांडली. सैनिकांनी कमी वेतन घेण्यास नकार दिला. पुढे फरकाची रक्कम राज्याने देऊ केली, तीही त्यांनी नाकारली. घरी बायकामुले विपन्नावस्थेत असताना केलेला हा नकार रणांगणावरील धैर्याहून कमी मोलाचा नव्हता, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

आपल्या सैनिकांना गौरवर्णीयांच्या बरोबरीने लढण्याची संधी मिळावी, अशी मागणी शॉ यांनी केली होती. १६ जुलै रोजी जेम्स बेटावरील चकमकीत पलटणीने शत्रूचा हल्ला थोपवून धरला. तेथून पावसापाण्यातून, जवळजवळ उपाशीपोटी वाटचाल करीत ती १८ जुलैच्या सायंकाळी मॉरिस बेटावर पोहोचली. चार्ल्स्टन बंदराच्या वाटेवरील वॅग्नर किल्ला तेथे होता. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस दलदल आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. दिवसभर तोफांचा भडिमार होऊनही आतील शिबंदी शाबूत होती. अंधार पडता पडता सुमारे ६०० सैनिकांसह शॉ पायीच आघाडीवर निघाले. तटावर चढल्यावर गोळी लागून ते जागीच ठार झाले. निशाणधारी पडताच सार्जंट विल्यम कार्नी यांनी राष्ट्रध्वज उचलला आणि अनेक जखमा झाल्या असतानाही तो परत आणला. किल्ला पडला नाही. पलटणीचे २७०हून अधिक लोक मृत, जखमी वा बेपत्ता झाले.

शत्रूने शॉ यांचे शव त्यांच्या सैनिकांसोबत एकाच खंदकात पुरले. यात अपमान करण्याचा हेतू होता. पुढे संघराज्याच्या सैन्याने ते शव शोधून काढण्याची तयारी दाखविली, तेव्हा मुलगा आहे तेथेच, त्याच्या माणसांत राहू द्यावा, असे वडिलांनी कळविले.

पलटण लढतच राहिली. नवे कर्नल एडवर्ड हॅलोवेल यांच्या नेतृत्वाखाली तिने १८६४ मध्ये फ्लोरिडातील ओलस्टी येथे माघार घेणाऱ्या सैन्याची पाठराखण केली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये समान वेतनाचा कायदा झाला. पण मागील पूर्ण थकबाकी मिळण्यासाठी युद्धारंभी आपण स्वतंत्र होतो असे शपथेवर सांगणे भाग होते. हॅलोवेल यांनी शपथेची शब्दरचना अशी केली की, आपल्या श्रमावर कोणाचाही न्याय्य हक्क नव्हता एवढेच सैनिकाने सांगायचे. पळून आलेल्या गुलामालाही ती खोटे न बोलता घेता आली.

कार्नी यांना शौर्यपदक १९०० साली मिळाले. त्यापूर्वी, ३१ मे १८९७ रोजी बॉस्टनमध्ये ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांनी घडविलेल्या कांस्यशिल्पाचे अनावरण झाले. शिल्पकाराच्या मूळ आराखड्यात केवळ अश्वारूढ शॉ होते. सैनिकांशिवाय ते नकोत, असा आग्रह शॉ कुटुंबाने धरला. पतन पावलेल्या गौरवर्णीय अधिकाऱ्यांची नावे स्मारकावर तेव्हाच कोरली गेली. सैनिकांची नावे कोरली जाण्यास आणखी सुमारे ८५ वर्षे लागली.