समुद्राचा ताळेबंद मांडणारी बाई

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. जमा आणि नावे, मुद्दल आणि व्याज, घसारा आणि राखीव निधी यांच्याशीच माझा रोजचा संबंध. तेव्हा एका सागरशास्त्रज्ञ स्त्रीचे चरित्र हिने कशासाठी लिहायला घेतले, असे कोणीही विचारील. रेचेल कार्सन हे नाव आपल्याकडे कीटकनाशकांविरुद्ध पुस्तक लिहिणारी बाई एवढ्यापुरतेच माहीत असते. परंतु त्यांचे चरित्र वाचत गेले तसतसे माझ्या मनात असे येऊ लागले की, या बाईने जन्मभर एकच हिशेब मांडला. किनारा, खाडी आणि खाजण हे मुद्दल. मासळी, कालवे आणि शिंपल्या हे त्याचे व्याज. माणसाने व्याजावर सुखाने जगावे, मुद्दलाला हात लावू नये. हा हिशेब आम्हा वाणिज्यवाल्यांना कळणार नाही तर कोणाला?

रेचेलचा जन्म २७ मे १९०७ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या स्प्रिंगडेल या गावी झाला. पिट्सबर्ग या पोलादाच्या शहराजवळचे, ॲलेघेनी नदीच्या काठचे हे गाव. तेथून समुद्र शेकडो मैल दूर. घरची परिस्थिती बेताची. आई मारिया ही पूर्वी शिक्षिका होती. तिने मुलीला रानात हिंडायला, पक्षी ओळखायला आणि पुस्तके वाचायला शिकवले. गावात सरस बनवण्याचा कारखाना होता, त्याचा दर्प गावभर पसरे. नदीकाठी पुढे वीजनिर्मितीची केंद्रेही उभी राहिली. कारखान्याने गावाला पोट भरायला दिले आणि त्याची किंमत हवेतून व पाण्यातून वसूल केली, हे रेचेलने लहानपणीच पाहिले. अकराव्या वर्षी तिची गोष्ट मुलांच्या एका मासिकात छापून आली. आपण लेखिका व्हायचे हे तिने तेव्हाच ठरवून टाकले.

लेखिका होण्यासाठी तिने पेनसिल्व्हेनिया कॉलेज फॉर विमेन या महाविद्यालयात इंग्रजी विषय घेतला. तेथे मेरी स्किंकर या जीवशास्त्राच्या प्राध्यापिका भेटल्या आणि रेचेलने विषय बदलला. त्या काळी विज्ञानात मुलींना फारसा वाव नव्हता, आणि साहित्य सोडून बेडूक कापायला निघालेल्या मुलीकडे लोक नवलाने पाहत. १९२९ साली ती उत्तम श्रेणीत पदवीधर झाली आणि त्याच उन्हाळ्यात वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत गेली. बावीस वर्षांच्या या मुलीने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो तेथे. घाटाच्या वर राहणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांना हे चांगले समजेल. समुद्र उशापाशी असलेल्यांपेक्षा दूर असलेल्यांना कधीकधी त्याची ओढ अधिक असते.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९३२ साली तिने प्राणिशास्त्रात एम. ए. केले. पुढे डॉक्टरेट करायची होती. पण ती जागतिक मंदीची वर्षे होती, घरी पैसा नव्हता, त्यामुळे शिक्षण सोडावे लागले. १९३५ साली वडील वारले. सरकारच्या मत्स्यखात्यासाठी नभोवाणीवरील लहान लहान संहिता लिहायचे काम तिला मिळाले. मासे या विषयावर ऐकण्यासारखे लिहिणारे माणूस खात्याला सापडत नव्हते, आणि रेचेलला दोन्ही भाषा येत होत्या: प्रयोगशाळेची आणि घरातली. घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या आम्हा सीमाभागातल्या मुलांना या दुभाषेपणाचे मोल वेगळे सांगायला नको. १९३६ साली स्पर्धापरीक्षा देऊन ती मत्स्यखात्यात कनिष्ठ जलजीवशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाली. त्या खात्यात अशा शास्त्रीय पदावर नेमलेल्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी ती एक.

येथून पुढे तिला एकेरीत संबोधणे बरे दिसणार नाही. घराचा सारा भार आता कार्सनबाईंवर होता. १९३७ साली मोठी बहीण वारली आणि तिच्या दोन मुलींचा सांभाळ बाई आणि त्यांच्या आईकडे आला. दिवसा कचेरी, रात्री लेखन असा क्रम सुरू झाला. खात्याच्या पुस्तिकेसाठी त्यांनी लिहिलेली प्रस्तावना वाचून वरिष्ठांनी ती पुस्तिकेत घेण्याचे नाकारले, कारण ती सरकारी कागदात घालण्याच्या मानाने फारच सुंदर होती. मासिकाकडे पाठवा, असा सल्ला त्यांनी दिला. तोच लेख १९३७ च्या सप्टेंबरात ‘अटलांटिक मंथली’त आला. त्यातून ‘अंडर द सी-विंड’ हे पहिले पुस्तक १९४१ च्या नोव्हेंबरात निघाले. किनाऱ्यावरचा एक पक्षी, बांगड्याच्या कुळातला एक मासा आणि एक वाम यांची ही जीवनकथा. पुढच्याच महिन्यात पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि पुस्तक युद्धाच्या गदारोळात बुडाले. पुढच्या काही वर्षांत त्याच्या दोन हजार प्रतीही खपल्या नाहीत.

आता त्यांच्या सरकारी नोकरीकडे वळते, कारण चरित्रकार जिथे घाईने पुढे जातात तिथेच मला सर्वांत अधिक सापडले. युद्धकाळात अमेरिकेत मांस मोजून मिळू लागले, तेव्हा लोकांनी मासे खावेत म्हणून सरकारने पुस्तिका काढायचे ठरवले. १९४३ ते १९४५ या काळात कार्सनबाईंनी न्यू इंग्लंडच्या, दक्षिणेच्या आणि मध्य अटलांटिक किनाऱ्याच्या मासळीवर अशा पुस्तिका लिहिल्या. त्यांतला विचार पाहा. लोक चारदोन ओळखीचे मासेच मागतात, म्हणून कोळी तेच पकडतात, आणि त्याच जातींवर सगळा भार पडतो. गृहिणींनी अनोळखी मासे शिजवायला शिकावे. ताटात चव वाढेल आणि समुद्रातला भार वाटला जाईल. मासे खाऊ नका असे त्या कोठेही सांगत नाहीत. त्याआधी १९३६ सालीच त्यांनी बाल्टिमोरच्या वृत्तपत्रात शॅड माशावर लेख लिहिला होता. आपल्या पाला माशाच्या कुळातला हा मासा अंडी घालायला समुद्रातून नदीत चढतो. बेसुमार मासेमारी, बंधारे आणि दूषित पाणी यांमुळे चेसापीक उपसागरात तो कमी होत चालला होता, आणि मासा टिकला तर मासेमारी टिकेल हे त्यांनी सरळ सांगितले. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

युद्ध संपल्यावर त्यांनी अभयारण्यांवर पुस्तिकांची एक माला काढली. १९४७ साली तिचा आरंभ झाला तो व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरील शिंकोटीगपासून. हा सारा प्रदेश खाजणांचा. पाणथळ जमीन म्हणजे पडीक जमीन, भराव घालून तिचे सोने करावे, असा तेव्हाचा रिवाज होता. आजही तो फारसा मोडलेला नाही. परंतु खाजणातला व्यवहार सोपा नाही. तिथले गवत दरवर्षी वाढते, मरते आणि कुजते. कुजलेल्या गवताचे कण भरतीओहोटीबरोबर खाडीभर पसरतात. त्यावर सूक्ष्म जीव जगतात, त्यांच्यावर कोळंबी, खेकडे आणि माशांची पिल्ले. पिल्लांना मोठ्या माशांपासून लपायला गवताची मुळे असतात. खोल समुद्रात जाळ्यात सापडणाऱ्या कितीतरी माशांचे बालपण या चिखलात गेलेले असते. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी बदके आणि हंसही येथेच उतरतात. भराव घालणाऱ्याच्या वहीत विकलेल्या भूखंडाची रक्कम जमेला दिसते. मासळी घटली ती मात्र कोणाच्याच वहीत नावे पडत नाही. आमच्या दुहेरी नोंद पद्धतीत अशी एकतर्फी वही कोणताही हिशेबतपासनीस परत पाठवील.

१९४९ साली कार्सनबाई खात्याच्या प्रकाशनांच्या मुख्य संपादक झाल्या. १९५१ साली ‘द सी अराउंड अस’ प्रसिद्ध झाले आणि त्यांचे दिवस पालटले. हे पुस्तक ८६ आठवडे खपाच्या यादीत राहिले, त्याला १९५२ चा राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला, पुढे तीसहून अधिक भाषांत त्याची भाषांतरे झाली. पैसा आल्याबरोबर त्यांनी नोकरी सोडली आणि मेन राज्यात साउथपोर्ट बेटावर लहानसे घर बांधले. नोकरी सोडल्याने तोंडही मोकळे झाले. १९५३ साली नव्या सरकारने वन्यजीव खात्याच्या अनुभवी संचालकांना दूर केले, तेव्हा त्यांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ला पत्र लिहून निषेध केला. देशाची खरी संपत्ती माती, पाणी, वने आणि प्राणी यांत आहे आणि ती सांभाळणारी माणसे राजकीय सोयीने बदलू नयेत, असे त्यांचे म्हणणे होते.

१९५५ साली ‘द एज ऑफ द सी’ आले. यात किनाऱ्याचे तीन प्रकार आहेत: उत्तरेचा खडकाळ, मधला वाळूचा आणि फ्लोरिडाचा प्रवाळ व कांदळवनांचा. कांदळाची शेंग झाडावरच अंकुरते, पाण्यात पडून वाहत जाते, उथळ जागी उभी राहते आणि मुळांच्या जाळ्यात गाळ धरून नवी जमीन तयार करते, हे त्यात सांगितले आहे. पुस्तकाची चित्रे बॉब हाइन्स यांची. ओहोटीच्या वेळी थंडगार डबक्यात उभे राहून निरीक्षण करता करता बाईंचे पाय इतके बधिर होत की हाइन्सना त्यांना उचलून बाहेर आणावे लागे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी नेलेले जीव काम झाल्यावर होते तेथेच नेऊन सोडावेत, हा त्यांचा कटाक्ष असे. उसने घेतलेले परत करणारा हा स्वभाव मला फार मोलाचा वाटतो.

१९५७ साली एक भाची वारली आणि तिच्या पाच वर्षांच्या मुलाला, रॉजरला, बाईंनी दत्तक घेतले. पन्नाशीत पुन्हा मूल वाढवायचे, म्हाताऱ्या आईची सेवा करायची, आणि समोर सर्वांत अवघड पुस्तक. ‘सायलेंट स्प्रिंग’ १९६२ साली प्रसिद्ध झाले. ते शेतातल्या फवारणीवरचे पुस्तक म्हणून ओळखले जाते, पण त्यात खाजणही आहे. १९५५ साली फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर सुमारे २,००० एकर खाजणावर चावणाऱ्या बारीक माशांच्या अळ्या मारण्यासाठी डिल्ड्रिन फवारले गेले. दहा लाखांहून अधिक मासे मेले. मेलेले मासे खेकड्यांनी खाल्ले आणि मग खेकडेही मेले. उपद्रव निवारणाच्या कामाचा खर्च सरकारी कागदावर असेल. या माशांचा हिशेब बाईंनी मांडला. रसायने मुळीच वापरू नका असे त्यांचे म्हणणे नव्हते. परिणाम न जाणता, लोकांना न सांगता, सरसकट फवारू नका एवढेच त्या मागत होत्या.

त्यावर रसायन उद्योगाने गहजब केला. बाई भावनाविवश आहेत, प्रगतीच्या शत्रू आहेत, अविवाहित असून पुढच्या पिढ्यांची काळजी कशाला करतात, असेही बोलले गेले. स्तनाच्या कर्करोगावर त्यांची १९६० साली शस्त्रक्रिया झाली होती. रोगाचे भांडवल करून विरोधक पुस्तकाला पक्षपाती ठरवतील म्हणून त्यांनी ते जगापासून लपवले. मे १९६३ मध्ये अध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार समितीच्या अहवालाने त्यांचे मुख्य म्हणणे उचलून धरले. ४ जून १९६३ रोजी त्यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. १४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, त्या निवर्तल्या.

अमेरिकेत शेतीसाठी डीडीटीच्या वापरावर १९७२ साली बंदी आली. अंड्यांची कवचे पातळ होऊन नाहीसे होत चाललेले तपकिरी पाणकोळी किनाऱ्यावर पुन्हा वाढले आणि २००९ साली संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आले. मेनच्या किनाऱ्यावर १९६६ साली खाजणे आणि खाड्या राखण्यासाठी एक अभयारण्य स्थापन झाले. त्याला पुढे रेचेल कार्सन यांचे नाव दिले गेले. पुतळ्यापेक्षा हे स्मारक मला अधिक शोभणारे वाटते, कारण ते दरवर्षी मासळीच्या रूपाने व्याज देते.

आपल्या ताटातली मासळी कारवार, वेंगुर्ले आणि गोव्याहून घाट चढून येते. पावसाळ्यात होड्या ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहूनच समुद्रात जायचे, ही तिथल्या कोळ्यांची जुनी रीत. मुद्दल वाढायला वेळ द्यावा, हे त्यांना कार्सनबाईंच्या कितीतरी आधी ठाऊक होते. किनाऱ्याच्या रक्षणासाठी १९९१ साली आपल्या सरकारनेही अधिसूचना काढली; २०११ आणि २०१९ साली ती बदलली. कायदा हवाच, पण बंदर, हॉटेल किंवा कारखान्याचा नफातोटा कागदावर मांडणारा माणूस आपल्यासारख्याच एखाद्या वाणिज्य महाविद्यालयातून बाहेर पडलेला असतो. उद्या आपल्यापैकी कोणी बँकेत असेल, कोणी हिशेबतपासनीस, कोणी सरकारी कचेरीत. अशा प्रकल्पाचे कागद टेबलावर आले की जमेची बाजू पाहून झाल्यावर सही करण्यापूर्वी एकदा विचारावे: यात खाजणाची नोंद कोठे आहे?