वंशावळीला पुरावा मागणारे राजवाडे

आपल्याकडे कुळवृत्तान्त मोठ्या हौसेने छापले जातात. मूळपुरुष, त्याचे वतन, शाखा-उपशाखा आणि शेवटी आजची नातवंडे. असा ग्रंथ हाती आला की मला इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हटकून आठवतात. यातले खरे किती, हे कागद लावून पाहण्याची सवय महाराष्ट्राला ज्यांनी लावली, त्यांत ते अग्रभागी होते.

राजवाड्यांचा जन्म १८६३ चा. पदवी घेतली, काही काळ शिक्षकी केली. पत्नी अकाली गेली. त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. जुन्या घराण्यांची दप्तरे शोधत ते गावोगाव हिंडले. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रे होती. ती बखरींशेजारी ठेवताच बखरकारांच्या चुका उघड्या पडल्या. असे बावीस खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, त्याच्या संस्थापकांत ते होतेच.

बखरीला लावलेली कसोटी वंशावळीलाही लागू पडते. जुन्या वंशावळी पुष्कळदा वतनाच्या तंट्यासाठी लिहिल्या जात. मग निपुत्रिक भाऊ गळतो, दत्तक मुलगा औरस होतो, आजोबा आणि त्यांच्या नावाचा नातू एकच ठरतात. बँकेत वारसांचे अर्ज तपासताना मीही हेच धोरण ठेवले होते. ज्याला रक्कम मिळायची, त्याने मांडलेली वंशावळ हा दावा असतो, पुरावा नव्हे. पुरावा शोधायचा तो त्या तंट्याशी संबंध नसलेल्या कागदात : हिशेबाच्या नोंदीत, खुशालीच्या पत्रात, तिऱ्हाइतांच्या साक्षी असलेल्या महजरात. तिथी आणि वार जुळतात का, हे पाहायचे. शंभर वर्षांत साधारण तीन-चार पिढ्या होतात. वंशावळीत सात दिसल्या, किंवा एकच दिसली, तर थांबायचे.

राजवाडे स्वतः मात्र नेहमी थांबले नाहीत. जातीकुळांविषयी त्यांनी काढलेली अनुमाने पुष्कळदा कागदाच्या पुढे धावली. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंविषयी त्यांनी जे लिहिले, त्याला प्रबोधनकार ठाकऱ्यांनी १९१८ मध्ये ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहून खरमरीत उत्तर दिले. कुळाचा इतिहास चुकला की जिवंत माणसांचा अपमान होतो, हे त्या वादाने दाखवले.

पुढे मंडळाशी बिनसले आणि राजवाडे पुण्याबाहेर पडले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्याला त्यांचे निधन झाले. त्यांची कित्येक अनुमाने आज कोणी मानत नाही. पण त्यांनी छापलेल्या कागदांवाचून मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाचे पान हलत नाही.

कादंबरीकाराला रिकामी जागा कल्पनेने भरण्याची मुभा असते. कुळवृत्तान्त लिहिणाऱ्याला ती नाही. आपल्या वंशावळीतल्या ज्या नावामागे कागद नाही, त्यापुढे प्रश्नचिन्ह घालावे. त्याने घराण्याला कमीपणा येत नाही.