ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (१९ एप्रिल १८९२ – ३१ ऑगस्ट १९७३) या मराठी बालशिक्षणतज्ज्ञ व अंगणवाडी या कल्पनेच्या प्रवर्तक होत्या. माहेरचे आडनाव केळकर. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झालेला विवाह १९२१ मध्ये घटस्फोटाने संपला. पुढे राजकोट येथे त्यांनी महिला अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद भूषविले. १९२३ मध्ये त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या सहकारी झाल्या आणि तेथेच त्यांच्या कार्याची दिशा ठरली.

छडीचा धाक हाच शिक्षणाचा पाया मानला जाण्याच्या त्या काळात या बालमंदिरात शिक्षेला स्थान नव्हते. गप्प, कोपऱ्यात बसणारे मूल सर्वसाधारणपणे गुणी समजले जाई. येथे मात्र मुलाच्या भीतीचा आणि घरातील वागणुकीचा विचार होई. मुलांना नैराश्य येऊ शकते, हे मानसोपचारशास्त्रानेही १९७० च्या दशकापर्यंत फारसे मान्य केले नव्हते. ताराबाई वैद्य नव्हत्या. मुलांच्या नैराश्यावरील उपचारांचे श्रेय त्यांना देणे अतिशयोक्त ठरेल. तथापि, मुलाची उदासी प्रथम जिथे दिसते त्या जागी, म्हणजे घराजवळ, जाणती व्यक्ती असावी, ही सोय त्यांच्या कामातून उभी राहिली.

१९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केल्यानंतर १९४५ मध्ये त्या बोर्डीस गेल्या (तेव्हा ठाणे जिल्हा, २०१४ पासून पालघर). बालवाडीत दलित वस्तीतील मुले येईनात. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. अंगणवाडी हे नाव त्यातून आले. मुलांना आंघोळ घालण्यापासून कामाचा आरंभ होई. १९५७ मध्ये हे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर हलले. गुरांमागे जाणाऱ्या वारली मुलांसाठी तेथे कुरणशाळा भरू लागली.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण देण्यात आले. त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली व अंगणवाडी देशभर पोहोचली. पोषण आणि लसीकरण यांची तेथे नोंद होते. चिडचिड, विनाकारण पोटदुखी, खेळातून उडालेले मन ही मुलांमधील नैराश्याची लक्षणे असू शकतात. पण अंगणवाडीच्या नोंदवह्यांचा भर वजन आणि उंचीवरच राहिला.

कोसबाडचे काम अनुताई वाघ यांनी १९९२ मधील आपल्या निधनापर्यंत चालविले.