पाळीत विश्रांती हवी का? मोजून उत्तर देणाऱ्या डॉ. मेरी जेकोबी

मुलींनी मुलांच्या बरोबरीने अभ्यास केला, तर शरीराची शक्ती मेंदूकडे वळते, पाळी बिघडते आणि पुढे मातृत्वच धोक्यात येते, असे १८७३ मध्ये बॉस्टनच्या डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी एका पुस्तकात मांडले. क्लार्क हार्वर्डमध्ये प्राध्यापक राहिलेले होते, त्यामुळे पुस्तक हातोहात खपले. दर महिन्याला काही दिवस मुलींनी अभ्यास बंद ठेवावा, हा त्यांचा सल्ला होता. हा सल्ला खरा ठरला असता, तर कॉलेजचे आणि दवाखान्यातल्या नोकरीचे दार मुलींना बंद करायला आणखी एक वैद्यकीय कारण मिळाले असते. आपल्याकडे कावळा शिवला म्हणून बाईला चार दिवस बाजूला बसवत. तिकडे तेच काम विज्ञानाच्या नावाने होऊ पाहत होते.

याचे उत्तर न्यूयॉर्कच्या एका तरुण स्त्री-डॉक्टरने दिले. त्यांचे नाव मेरी पटनम जेकोबी.

मेरी यांचा जन्म १८४२ मध्ये लंडनमध्ये झाला आणि त्या वाढल्या न्यूयॉर्कमध्ये. वडील जॉर्ज पटनम मोठे पुस्तक प्रकाशक होते. १८६३ मध्ये मेरी यांनी औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेतली आणि १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. याच महाविद्यालयातून २२ वर्षांनी, १८८६ मध्ये, आनंदीबाई जोशी एम.डी. होऊन बाहेर पडल्या.

हाती पदवी असूनही मेरी यांचे समाधान झाले नाही. त्या काळी उत्तम वैद्यकशिक्षण पॅरिसमध्ये मिळे, पण तिथल्या वैद्यकीय विद्यालयात स्त्रियांना प्रवेश नव्हता. मेरी पॅरिसला गेल्या आणि चिकाटीने पाठपुरावा करत राहिल्या. अखेर १८६८ मध्ये प्रवेश मिळाला, पण वेगळ्या दाराने आत यायचे आणि प्राध्यापकांच्या जवळ बसायचे, या अटीवर. प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला, तेव्हाही त्या शहर सोडून गेल्या नाहीत. १८७१ मध्ये त्यांनी तिथली पदवी मिळवली.

न्यूयॉर्कला परतल्यावर त्या ब्लॅकवेल भगिनींच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवू लागल्या. १८७३ मध्ये त्यांनी डॉ. अब्राहम जेकोबी यांच्याशी विवाह केला. अमेरिकेतील बालरोगशास्त्राचा पाया घालणारे म्हणून अब्राहम ओळखले जातात.

हार्वर्डच्या बॉइल्स्टन पारितोषिकासाठी निबंधाचा विषय जाहीर झाला: पाळीच्या दिवसांत स्त्रियांना शारीरिक व मानसिक विश्रांतीची गरज असते का, आणि असल्यास किती? मेरी यांनी यावर वाद घालण्याऐवजी माहिती गोळा करायचे ठरवले. त्यांनी १००० प्रश्नावल्या पाठवल्या आणि २६८ स्त्रियांची उत्तरे परत आली. त्यात पाळी, वेदना, शिक्षण, व्यायाम, काम, चालण्याची ताकद असे सगळे विचारले होते. शिवाय काही स्त्रियांची नाडी, तापमान, स्नायूंची शक्ती आणि लघवीतील घटक महिन्याच्या वेगवेगळ्या दिवशी मोजले. नाडीची रेघ कागदावर उमटवणारे स्फिग्मोग्राफ यंत्रही त्यांनी वापरले.

उत्तर देणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश स्त्रियांना पाळीचा त्रास मुळीच नव्हता. शाळेच्या वयात व्यायाम केलेल्या स्त्रियांना त्रास कमी दिसला. अभ्यासाने पाळी बिघडते, याला आधार सापडला नाही. जिचे पोषण चांगले आहे अशा स्त्रीला पाळी आली एवढ्याच कारणाने विश्रांतीची गरज नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मात्र जिला वेदना होतात तिला शक्य तिथे कामातून मोकळीक देणे ही माणुसकी आहे, हेही त्यांनी नोंदवले.

निबंध निनावी पाठवायचा असल्याने तो बाईचा आहे की पुरुषाचा, हे परीक्षकांना कळायला मार्ग नव्हता. १८७६ चे पारितोषिक त्यालाच मिळाले आणि १८७७ मध्ये तो पुस्तकरूपाने आला. हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयाने मात्र विद्यार्थिनींना प्रवेश दिला तो थेट १९४५ मध्ये.

१८८३ मध्ये त्यांचा सात वर्षांचा मुलगा घटसर्पाने गेला. आई-वडील दोघेही नामांकित डॉक्टर, आणि वडील तर घटसर्पाचेच जाणकार. तरीही त्या काळी त्याला वाचवणारे औषध नव्हते. या दुःखातूनही मेरी यांचे काम थांबले नाही. पुढे मेंदूच्या आवरणातील गाठीने त्या आजारी पडल्या, तेव्हा स्वतःच्या लक्षणांची नोंद त्यांनी इतर डॉक्टरांच्या उपयोगासाठी लिहून ठेवली. १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले.

पाळीच्या वेदनेविषयी आज पुष्कळ अधिक माहिती आहे. प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांमुळे गर्भाशय जोराने आकुंचन पावते आणि ओटीपोटात कळा येतात. नियमित व्यायाम, पोटाला शेक आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने दुखणे सुरू होताच घेतलेली वेदनाशामक गोळी यांचा उपयोग होतो. कळ येणार या धास्तीने पोट, मांड्या आणि ओटीपोटाचे स्नायू आवळले जातात, त्यामुळे दुखणे जास्त जाणवते. शांत बसून संथ श्वास घेणे, ध्यान करणे, एकेक स्नायू सैल सोडणे याने हा ताण उतरतो आणि अनेकींना बरे वाटते. मात्र ध्यानाने गाठ विरघळत नाही आणि रक्तक्षयही भरून निघत नाही.

पोषणाची जी अट मेरी यांनी घातली होती, ती आपल्याकडे अजून पुरी झालेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणून थकवा येत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. दर महिन्याला वाढत जाणारे दुखणे, खूप रक्तस्राव, पाळी नसतानाही ओटीपोटात दुखणे, संबंधाच्या वेळी वेदना, यांपैकी काहीही असेल तर अंगावर काढू नये. एंडोमेट्रिओसिस किंवा गर्भाशयातील गाठी यामागे असू शकतात.

दवाखान्यात जाण्याआधी दोन-तीन महिने साध्या वहीत तारीख, रक्तस्राव, दुखण्याची जागा, झोप आणि त्या दिवशी कोणते काम जमले नाही, हे लिहून ठेवावे. ती वही तपासणीच्या वेळी डॉक्टरांसमोर ठेवली, तर निदान लवकर होण्यास मदत होते.