चार सम्राट नेमणारा डायोक्लेशियन स्वतःच्या लेकीला का वाचवू शकला नाही?

साल होतं इ.स. २८४. डाल्मेशियातल्या साध्या घरातला डायोक्लेशियन हा सैनिक रोमचा सम्राट झाला. त्याच्या आधीच्या ५० वर्षांत बहुतेक सम्राटांचे खून पडले होते. एवढा पसारा एकट्याला झेपणार नाही, हे त्याने ओळखलं.

म्हणून २८६ मध्ये त्याने मॅक्सिमियनला जोडीचा सम्राट केलं. २९३ मध्ये गॅलेरियस आणि कॉन्स्टँशियस हे दोन उपसम्राट नेमले. ३०५ मध्ये तर दोन्ही सम्राट एकाच दिवशी पायउतार झाले. उपसम्राट वर सरकले, त्यांच्या जागी नवे दोघे आले.

पण इथेच माशी शिंकली. मॅक्सिमियनचा मुलगा मॅक्सेन्शियस आणि कॉन्स्टँशियसचा मुलगा कॉन्स्टंटाईन, दोघांनाही डावललं गेलं होतं. ३०६ मध्ये दोघांनीही गादीवर हक्क सांगितला आणि यादवी पेटली.

३०८ मध्ये डायोक्लेशियनला परत येण्याची गळ घातली गेली. पण त्याला राजवाड्यातली कोबीची बाग सोडवेना. त्याने नकार दिला.

त्याची लेक व्हॅलेरिया गॅलेरियसला दिली होती. ३११ मध्ये गॅलेरियस वारला, आणि पूर्वेचा सम्राट मॅक्सिमिनस दाया याने तिला हद्दपार केलं. बापाने पुन्हा पुन्हा विनवण्या केल्या, पण सत्ता सोडलेल्या माणसाचं कोण ऐकणार? पुढे तिला ठारच मारलं गेलं.

३२४ मध्ये कॉन्स्टंटाईन एकटाच सम्राट उरला. डायोक्लेशियनचा तो राजवाडा मात्र आजही क्रोएशियातल्या स्प्लिट शहरात उभा आहे.