डॉ. सलीम अली : पाखरांचा माणूस आणि आपल्या चांदा-गडचिरोलीचं जंगल

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. ५ तारीख अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या जन्माची आणि १२ तारीख डॉ. सलीम अली यांच्या जन्माची. सरकारी परिपत्रक निघतं, शाळांत भाषणं होतात, वन विभागाचे कार्यक्रम होतात. पण आपल्या घरांतल्या किती मुलांना सलीम अली कोण होते हे सांगता येईल? औरंगाबादचं सलीम अली सरोवर सगळ्यांना माहीत, माणूस मात्र फारसा कुणाला माहीत नाही. म्हणून आज त्यांच्या आयुष्याची गोष्ट सांगायचं आम्ही ठरवलं. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या वाचकांसाठी तर ही गोष्ट अगदी दाराशी असलेल्या जंगलाची आहे.

सलीम मोइजुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आईही गेली. मग मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीच्या घरात या पोरक्या लेकरांना वाढवलं. मामा-मामींना स्वतःचं मूल नव्हतं, पण घर भाच्यांनी भरलेलं होतं. तय्यबजी घराणं मोठं. गांधीजींचे साथी अब्बास तय्यबजी हेही याच घरातले.

मामा शिकारीचे शौकीन. त्यांनी सलीमला एक छर्ऱ्याची बंदूक दिली आणि हा पोरगा घराभोवतीच्या चिमण्या टिपू लागला. एके दिवशी पडलेली चिमणी बघितली, तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! ही नेहमीची चिमणी दिसेना. आता हे पाखरू खायला चालतं की नाही, असा प्रश्न मुसलमान घरातल्या त्या मुलाला पडला. तो चिमणी घेऊन मामांकडे गेला. मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सुरुवातीच्या हिंदी सभासदांपैकी एक होते. त्यांनी भाच्याला सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवलं. ही गोष्ट १९०८ ची. मिलार्ड यांनी पोराला हाकलून दिलं नाही. चिमणीची जात सांगितली, कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकं दिली. हलाल-हरामच्या एका साध्या शंकेतून देशाचा सर्वांत मोठा पक्षीतज्ज्ञ घडायला सुरुवात झाली, असं म्हटलं तर त्यात काही चूक नाही.

पुढचा रस्ता सरळ नव्हता. सततच्या डोकेदुखीमुळे शाळा मध्येच सुटली. १९१३ मध्ये कसेबसे मॅट्रिक झाले. कॉलेज अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशातल्या तवॉय इथे गेले. तिथे घरच्यांचा खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता. धंद्यापेक्षा भोवतालच्या जंगलातच त्यांचं मन जास्त रमलं. १९१७ मध्ये परत येऊन त्यांनी मुंबईत व्यापारी शिक्षण घेतलं आणि सोबत सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र शिकले. १९१८ मध्ये तहमीना बेगम यांच्याशी निकाह झाला. पुढे धंदा बुडाला. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे चांगली नोकरीही मिळेना. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड-लेक्चरर म्हणून काम मिळालं. तिथून अभ्यासासाठी ते जर्मनीला गेले आणि बर्लिनला प्राध्यापक श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० मध्ये परत आले तर पैसे नाहीत म्हणून त्यांची जागाच रद्द झालेली!

घरात बसून नशिबाला बोल लावता आले असते. सलीम आणि तहमीना यांनी अलिबागजवळच्या किहीमला मुक्काम हलवला. तिथे झाडांवर सुगरणीची घरटी लटकत होती. सलीम साहेब शिडीवर मचाण करून तासन्‌तास बघत बसले. घरटं विणतो तो नर, मादी येऊन पारख करते, पसंत पडलं तरच राहते. मग तो नर दुसरं घरटं विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो. १९३१ मध्ये हा अभ्यास छापून आला आणि त्यांचं नाव जगभर झालं. नोकरी गेली म्हणून हे काम झालं, हे आमच्या बेरोजगार तरुणांनी ध्यानात ठेवावं.

निजामाच्या राज्यात पाखरांची शिरगणती

यानंतर त्यांनी संस्थानांच्या दरबारांना एक प्रस्ताव दिला. माझ्या कामाचा मोबदला देऊ नका, फक्त तंबू, प्रवास आणि छावणीचा खर्च करा, मी तुमच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी करून देतो, असा त्याचा मतलब होता. हैदराबाद संस्थानाने तो मानला आणि १९३१-३२ मध्ये ही पाहणी झाली. निजामाच्या राज्याची हद्द तेव्हा वर्धा आणि प्राणहिता नद्यांपर्यंत होती. आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातला राजुरा भागही त्याच राज्यात होता. पुढे कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशा पाहण्या झाल्या. तहमीना बेगम विलायतेत शिकलेल्या, पण तंबूतलं आयुष्य त्यांनी आनंदाने पत्करलं. छावणीची सगळी व्यवस्था त्या बघत आणि नवऱ्याचं इंग्रजी लिखाणही सुधारून देत. १९३९ मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्यांचा इंतकाल झाला. सलीम साहेब पुन्हा एकटे पडले. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही, बहिणीच्या घरी राहिले आणि कामाला जुंपून घेतलं.

१९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. रंगीत चित्रं, सोपं वर्णन, कुणालाही ओळख पटावी अशी मांडणी. त्याआधी पक्षी बघणं म्हणजे साहेब लोकांचा छंद. या पुस्तकामुळे कारकून, मास्तर, शाळकरी पोरंही दुर्बीण घेऊन निघाली. पुढे अमेरिकेचे डिलन रिप्ली यांच्यासोबत भारत आणि पाकिस्तानच्या पक्ष्यांवर दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. मोटरसायकलचं तर त्यांना वेडच होतं. १९५० मध्ये स्वीडनच्या पक्षी परिषदेला जाताना ते आपली मोटरसायकल बोटीवर चढवून सोबत घेऊन गेले.

नुसतं बघून भागत नाही

स्वातंत्र्यानंतर सोसायटी पैशाअभावी बंद पडायची वेळ आली, तेव्हा त्यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मिळवली. भरतपूर म्हणजे महाराजांचं बदकांच्या शिकारीचं ठिकाण. तिथलं पाणी आणि जमीन शेतीला द्या, अशी मागणी होती. सलीम साहेबांनी दिल्लीपर्यंत शब्द टाकला आणि ते तळं वाचलं. केरळच्या सायलेंट व्हॅलीत धरण होणार होतं. तिथलं जुनं सदाहरित जंगल वाचवण्यासाठीही ते उभे राहिले. १९७६ मध्ये त्यांना गेटी पारितोषिक मिळालं, ५०,००० डॉलरचं. ती रक्कम निसर्गरक्षणाच्या निधीत गेली. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण आणि १९८५ मध्ये राज्यसभेवर नेमणूक, असे मान मिळत गेले.

आता एक गोष्ट आम्ही झाकून ठेवणार नाही. थोरांचं आयुष्य सांगताना फक्त हार घालायचे, ही सवय आपल्याकडे आहे. भरतपूरला गावकऱ्यांच्या म्हशी आत चरायच्या. त्या बंद झाल्या पाहिजेत, असं सलीम अलींचं ठाम मत होतं. १९८२ मध्ये चराईबंदी झाली, गावकरी चिडले, पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसं मेली. पुढे सोसायटीच्याच शास्त्रज्ञांनी बरीच वर्षं अभ्यास केला, तेव्हा उलटंच दिसलं. म्हशी नव्हत्या म्हणून पाण्यात गवत माजलं, उघडं पाणी कमी झालं आणि पाणपक्ष्यांचं नुकसान होऊ लागलं. हा निष्कर्ष आला तेव्हा ते हयात नव्हते. आयुष्यभर डोळ्यांनी बघून मग बोलणाऱ्या माणसाचाही एक अंदाज चुकला, आणि त्याची किंमत गरिबांनी मोजली.

इथे आपल्या परंपरेतली एक गोष्ट आठवते. अरबस्तानात राखीव कुरणाला हिमा म्हणत. हजरत उमर (रजि.) यांनी हिमाच्या रखवालदाराला ताकीद दिली होती की, ज्याच्याकडे थोडेच उंट, थोडीच शेळ्या-मेंढ्या आहेत त्या गरिबाला आत येऊ दे, श्रीमंतांच्या कळपांना आवर घाल. राखायचं, पण कुणाच्या पोटावर पाय देऊन नाही, हा हिशेब चौदाशे वर्षांपूर्वी मांडला गेला होता.

आपल्या दाराशी

हाच सवाल आज चंद्रपूर-गडचिरोलीत रोज उभा आहे. ताडोबा हे महाराष्ट्राचं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ चं, ११६.५५ चौरस किलोमीटरचं. १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झालं आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. आतला गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटर, भोवती त्याहून मोठं बफर. गाभ्यातली काही गावं बाहेर हलवली गेली. बफरमधली माणसं मोहफुलं आणि तेंदूपत्ता गोळा करायला पहाटे जंगलात जातात, आणि त्यातली काही परत येत नाहीत. मोहर्ली, कोलारा, नवेगावच्या गेटवर मात्र जिप्सींची रांग. गाइड आणि ड्रायव्हर गावचीच पोरं, त्यांची चूल या पर्यटनावर पेटते. म्हणून पर्यटन वाईट असं आम्ही म्हणणार नाही. पण आत गेल्यावर वाघ दिसला नाही की पैसे वाया गेले म्हणून कुरकुर करायची, हे सलीम अलींच्या देशात शोभत नाही. वाघ न दिसलेल्या सकाळी शंभर गोष्टी दिसतात. फक्त गप्प बसून बघावं लागतं.

गडचिरोलीत आलापल्लीजवळ सहा हेक्टरचा एक तुकडा आहे, वनवैभव नावाचा. २०१४ मध्ये तो महाराष्ट्राचा पहिला जैवविविधता वारसा स्थळ झाला. आजूबाजूला साग तोडला गेला, पुन्हा लावला गेला. इथली जुनी झाडं मात्र तशीच राखली. अशा जंगलात काय करायचं? बऱ्याचदा काहीच करायचं नाही, हेच तिथलं व्यवस्थापन. वाळलेलं झाड उभं राहू द्यायचं, पडलेलं खोड कुजू द्यायचं. कारण घुबड, पोपट, सुतार यांना घर मिळतं ते म्हाताऱ्या झाडांच्या ढोलीत. धनेशाची मादी तर ढोलीत शिरून दार लिंपून घेते आणि नर बाहेरून चिरेतून तिला चारा भरवतो. नव्या लावणीतल्या सरळसोट सागाला अशी ढोली कुठून येणार? हाच धनेश सोसायटीच्या बोधचिन्हावर आहे. अशा जागी लोकांनी यावं, पायवाटेवरून चालावं, पण चूल पेटवू नये, खोडावर नावं कोरू नयेत आणि प्लास्टिक टाकू नये.

आणि दुसरीकडे धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) बघा. २००९ मध्ये या गोंड गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गाव बांबू विकतं, जंगल राखतं, सभेत बसून नियम ठरवतं. भरतपूरला जे सुटलं होतं, ते इथे जुळून आलं. सहा हेक्टर हात न लावता राखायचे आणि १,८०० हेक्टर गावाच्या हाताने राखायचे, दोन्ही गोष्टी एकाच जिल्ह्यात होऊ शकतात.

सलीम अलींचं निधन २० जून १९८७ रोजी मुंबईत झालं, नव्वद वर्षं पार केल्यावर. पुढे १९९० मध्ये कोइम्बतूरला त्यांच्या नावाने पक्षीशास्त्राची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. ते कर्मकांडात रमणारे नव्हते, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्यावर वाद घालण्यात आम्हाला रस नाही. अनाथपण, अर्धवट शिक्षण, बुडालेला धंदा, गेलेली नोकरी, अकाली गेलेली बायको, एवढं सोसून ज्याने देशाला आपल्याच पाखरांची ओळख करून दिली, त्याचा अभिमान बाळगायला एवढं पुरेसं आहे.

चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, अहेरी, सिरोंचा इथल्या आई-वडिलांना आमची एकच विनंती. येत्या सुट्टीत मुलांना मोबाइलऐवजी एक साधी दुर्बीण आणि एक वही द्या. मंगळवारी ताडोबा बंद असतो, पावसाळ्यात गाभाही बंद असतो. हरकत नाही. गावाबाहेरच्या तलावावर जा, मामा तलावांना आपल्याकडे तोटा नाही. दहा पाखरांची नावं लिहून आणा. एखादं ओळखू आलं नाही, तर विचारा. मिलार्डसारखं कपाट उघडून दाखवणारा एखादा वनरक्षक, एखादा मास्तर नक्की भेटेल. आणि तुमच्याकडे कुणी विचारायला आलं, तर तुम्हीही त्याला हाकलू नका.