मजुरीचा हिशेब मागणारे बाबासाहेब

आपल्याकडे जयंतीच्या व्यासपीठावरून संविधान आणि धम्मदीक्षा यांवर भरभरून बोलले जाते. मजूर खात्याचा कारभार पाहणारे बाबासाहेब मात्र दोन वाक्यांत उरकले जातात. ज्या वसतिगृहातील मुलांचे आईवडील तेंदूच्या हंगामात फळीवर पुडे मोजून देतात, किंवा आलापल्लीच्या डेपोत सागाची लाकडे उचलतात, त्या वसतिगृहाच्या स्मरणिकेत ही उणीव राहू नये, म्हणून आम्ही त्यांच्या चरित्राचा एवढाच भाग येथे मांडीत आहोत.

सुभेदार रामजींचा हा मुलगा 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे जन्मला, पण वाढला परळच्या चाळीत, गिरणीच्या भोंग्याच्या आवाजात. मजुरीतील विषमतेचे धडे त्यांना अर्थशास्त्राच्या ग्रंथांआधी त्या वस्तीने दिले असावेत, असे आम्हांस वाटते. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगार कमी पगाराच्या रिंग खात्यात असत. अधिक मजुरी देणाऱ्या विणाई खात्याचे दार त्यांना बंद होते. धोट्यातून धागा ओढताना तो तोंडाने ओढावा लागे, आणि त्या धाग्याला विटाळ होईल ही सवर्ण सहकाऱ्यांची हरकत होती. म्हणजे येथे मालकाने मजुरी कापण्याआधी ती जातीनेच कापलेली होती. 1928 च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी बाबासाहेबांनी संघटनेच्या पुढाऱ्यांना बजावले, की सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्यांचा हक्क मागण्यांत आला पाहिजे. मागणी नाखुषीनेच घातली गेली. पुढील वर्षी पुन्हा संप पुकारला गेला, तेव्हा मागच्या संपाने कर्जात बुडालेल्या कामगारांचा विचार करून त्यांनी विरोध केला. यावरून त्यांना संपविरोधी ठरविणारे आजही भेटतात. त्यांनी पुढचे दशक वाचावे.

ऑगस्ट 1936 मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना झाली. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. त्याच वर्षी मुंबई सरकारने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. तडजोडीची प्रक्रिया सक्तीची करून त्याआधीचा संप गुन्हा ठरविणारे ते विधेयक होते. बाबासाहेबांचा युक्तिवाद वकिलाचा होता आणि साधाही होता. काम सोडणे हा फार तर कराराचा भंग, तो गुन्हा होऊ शकत नाही. माणसाला इच्छेविरुद्ध राबविण्याला दुसरे नाव गुलामगिरी. 7 नोव्हेंबर 1938 रोजी एक दिवसाचा संप झाला, आणि नऊ वर्षांपूर्वी ज्यांच्याशी मतभेद झाले होते ते कॉम्रेड डांगे त्यांच्यासोबत उभे होते. विधेयक तरीही मंजूर झाले.

जुलै 1942 मध्ये नागपूरची परिषद आटोपून ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. ऑगस्टमध्येच सरकार, मालक आणि कामगार या तिघांना एका मेजावर आणणारी परिषद दिल्लीत त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. कामगाराने मालकाच्या दारी अर्ज घेऊन उभे राहणे वेगळे आणि समोर खुर्चीवर बसून बोलणे वेगळे. हा फरक बाबासाहेबांइतका कोणाला कळला असेल?

या काळातील एक निर्णय चर्चेचा आहे आणि तो झाकून ठेवणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभणारे नाही. स्त्रियांना कोळसा खाणीत भूगर्भात उतरविण्यावर 1937 पासून पूर्ण बंदी होती. युद्धकाळातील कोळशाच्या टंचाईमुळे 1943 मध्ये ती उठविली गेली. आपला चांदा जिल्हा ज्यात होता त्या मध्यप्रांतालाही ही सूट लागू झाली. महिला संघटनांनी तीव्र निषेध केला आणि तो निषेध योग्यच होता, असे आमचे मत आहे. पण फेब्रुवारी 1944 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात उत्तर देताना बाबासाहेबांनी जी गोष्ट सांगितली ती सहसा कोणी सांगत नाही. भूगर्भात उतरणाऱ्या स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी देण्याची अट घातली होती, आणि समान कामाला समान वेतन हे तत्त्व देशातील एखाद्या उद्योगात बहुधा प्रथमच मान्य होत होते. 1946 मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. तत्त्व मात्र पुढे संविधानाच्या अनुच्छेद 39 मध्ये आले, आणि त्याचा कायदा व्हायला 1976 साल उजाडले. डिसेंबर 1943 मध्ये बाबासाहेब स्वतः धनबादकडील कोळसा खाणीत उतरून काम पाहून आले होते, हेही येथे नोंदवून ठेवतो.

त्यांच्या हातून आठवड्याचे 54 तास 48 वर आले. किमान वेतनाचे विधेयक त्यांनी एप्रिल 1946 मध्ये मांडले. ते 1948 मध्ये, ते मजूर खात्यात नसताना, मंजूर झाले आणि शेतमजुरालाही त्यात जागा मिळाली. पण आमच्या मते सर्वांत दूरदृष्टीचे विधेयक नोव्हेंबर 1943 चे. 1926 च्या कायद्याने कामगार संघटनेची नोंदणी होत असे, परंतु तिच्याशी बोलण्याचे बंधन मालकावर नव्हते. नोंदणीचा कागद हाती असलेले पुढारी फाटकाबाहेरच उभे राहत. बाबासाहेबांनी सुचविले, की अटी पुऱ्या करणाऱ्या संघटनेला मालकाने मान्यता दिलीच पाहिजे, आणि नाकारणे हा गुन्हा ठरावा. मालकवर्गाने कडाडून विरोध केला. ती दुरुस्ती 1947 मध्ये मंजूर झाली, पण अंमलात आणण्याची अधिसूचनाच कधी निघाली नाही. महाराष्ट्राने मान्यतेचा स्वतःचा कायदा केला तो 1971 मध्ये.

16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेब चांद्याला आले आणि त्यांनी तेथे धम्मदीक्षा दिली. आलापल्ली तेव्हा त्याच जिल्ह्यात होती. गडचिरोली वेगळा झाला 1982 मध्ये. चांद्याच्या त्या मैदानावर जमलेल्यांत शेतमजूर होते, खाणीत आणि जंगलात राबणारे होते. सात आठवड्यांनी, 6 डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. किमान वेतनाचा कायदा तेव्हा आठ वर्षांचा होता, आणि संघटनेच्या मान्यतेची दुरुस्ती नऊ वर्षांपासून कागदावरच पडून होती.